शेवटच्या दिवसाची उडी

ती हॉलच्या लाकडी जमिनीवर पालथी पडली होती. एक कान फळीला चिकटवलेला, डोळे मिटलेले, आणि हातातली छोटी हातोडी हळूच फळीवर... टक्... टक्...

तेवढ्यात दार करकरलं.

"अरे बापरे! अहो — अहो मॅडम — पाणी आणू का?"

"हलू नका!" ती डोळे न उघडताच ओरडली.

मग तिनं एक डोळा किलकिला करून पाहिलं. दारात एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. एक पाय उंबऱ्याच्या आत, दुसरा हवेत, काखेत रंगीत कागदांची भेंडोळी, आणि चेहरा असा, की जणू भूगोलाच्या पेपरला कुणी गणिताची प्रश्नपत्रिका हातात ठेवली आहे. त्यानं श्वाससुद्धा रोखून धरला होता.

"श्वास घेतला तरी चालेल," ती म्हणाली.

"आभारी आहे. आणि हा पाय?"

"उजवीकडे टेका. डावीकडची फळी काहीतरी वेगळं बोलतेय."

"फळी बोलते?"

"हो. आणि तुमच्यापेक्षा मोजकं बोलते."

तो हसला. पाय उजवीकडे टेकला, तोही अगदी अलगद, झोपलेल्या बाळाच्या खोलीत शिरावं तसा. तिला ते आवडलं. म्हणजे, आवडलं हे तिनं तेव्हा स्वतःशी कबूल केलं नाही. तिनं फक्त उठून कुर्त्यावरची धूळ झटकली, आणि नाकावरची झटकायची राहून गेली.

तो या शाळेत विज्ञान शिकवत होता. सुट्टीचा दिवस साधून सजावटीची मापं घ्यायला आला होता, कारण शाळेला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती आणि पुढच्या महिन्यात जंगी सोहळा होता. ती जुन्या इमारती तपासणाऱ्या एका ऑफिसात इंजिनिअर होती. सोहळ्याआधी इमारतीची तपासणी व्हावी म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनीच ऑफिसला बोलावलं होतं, आणि तिच्या साहेबांनी हे काम तिच्या हवाली करताना एवढंच म्हटलं होतं, "या वेळी अहवालावर सही तुझी. मी नुसता वाचणार." पहिल्यांदाच! त्या आनंदात ती रात्री धड झोपली नव्हती.

"मग रोगी कसा आहे?" त्यानं विचारलं.

"आत्ता तर नुसती नाडी बघतेय."

"दणकट आहे हो आमची म्हातारी. तुमच्या-माझ्या नातवंडांना पुरून उरेल."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले. "म्हणजे — तुमच्या वेगळ्या, आणि माझ्या वेगळ्या..."

"समजलं," ती म्हणाली, आणि खाली वाकून उगाचच एका खिळ्याकडे बघत बसली.

* * *

शहरात नुसतं 'हायस्कूल' म्हटलं की पुढे काही सांगावं लागायचं नाही. सरकारी शाळा, फी नावापुरती, भिंती हातभर रुंद, आणि तोरा मात्र असा की विचारू नका. इथून दोन न्यायाधीश निघाले, हृदयाचे नावाजलेले सर्जन निघाले, पुलांचे अभियंते निघाले, आणि एक पतपेढी बुडवून पसार झालेले गृहस्थही निघाले. शाळा त्यांनाही आपलंच म्हणायची, फक्त जरा खालच्या आवाजात.

हे सगळं तिला लहानपणापासून पाठ होतं, कारण तिचा मामा हायस्कूलचा. घरात ती, आई आणि आईचा हा भाऊ असे तिघंच. जेवताना काहीही विषय निघाला तरी मामा तो वळवून शाळेच्या फाटकातून आत न्यायचाच. "आमच्याकडे नापास झालेला पोरगा इतर शाळांत पहिला यायचा, ठमे!" असं तो म्हणे, आणि आई म्हणे, "म्हणून तू तीनदा पहिला आलास होय?"

ती स्वतः मात्र रस्त्यापलीकडच्या मुलींच्या शाळेची. हायस्कूलची मुलं त्या शाळेला नुसतं 'समोरची' म्हणत. हायस्कूलमध्ये मुली घ्यायला लागले ते ती बाहेर पडल्यावर. त्यामुळे वर्षानुवर्षं तिनं ही इमारत फक्त खिडकीतून पाहिली होती. आणि वर्षातून एकदा ऐकली होती.

त्याचं असं, की हायस्कूलची एक प्रथा होती. शेवटच्या वर्षाची मुलं शाळा सोडायच्या दिवशी वरच्या लाकडी हॉलमध्ये जमायची. एक शिक्षक मोठ्यानं म्हणायचे — एक... दोन... तीन! आणि सगळी मुलं एकदम उडी मारायची. धडाम्! समोरच्या शाळेच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. बाई फळ्यावर लिहिता लिहिता थांबायच्या, म्हणायच्या, "सुटले एकदाचे," आणि ती बाकावर बसून विचार करायची — आपल्याला शाळा सोडताना नुसतं पेढ्यासारखं गोड भाषण देतात, आणि यांना बघा! अख्खी इमारत हलवून जातात!

हॉलच्या बरोबर खाली मुख्याध्यापकांची खोली. त्या दिवशी मुख्याध्यापक आपल्या खुर्चीत छत्री उघडून बसत, कारण उडी पडली की वरून चुना पडायचा.

"हे बघा," दुसऱ्या दिवशी तो तिला जिन्यातल्या फोटोंपाशी घेऊन गेला. पिढ्यान्पिढ्यांचे मुख्याध्यापक ओळीनं टांगलेले. मिशीवाले, बिनमिशीचे, टोपीवाले, टकलू. सगळे खुर्चीत ताठ बसलेले आणि सगळ्यांच्या डोक्यावर उघडी छत्री. "जितका चुना जास्त, तितकी बॅच भारी. आमच्या वेळी छत्री पांढरी झाली होती. आणि त्याआधीची एक बॅच आहे — त्यांच्या वेळी चक्क छताचा ढेपळा पडला! छत्रीची काडी मोडली. ते लोक अजून कॉलर ताठ करून सांगतात."

"माझा मामा त्याच बॅचचा," ती म्हणाली. "काडी मोडल्याचं आम्ही घरात अजून ऐकतो."

"काय सांगता! मग तुम्ही आमच्याच की."

"मी समोरची."

तो एक पाऊल मागे सरकला, छातीवर हात ठेवून. "समोरची? आणि आमच्या इमारतीच्या नाडीवर हात? मुख्याध्यापिकाबाईंना माहीत आहे का हे?"

ती हसली. पण हसता हसता तिची नजर परत फोटोंकडे गेली. इतर कुणी पाहिली असती ती छत्री. तिनं पाहिला तो चुना. छत्रीवरचा, टेबलावरचा, जमिनीवरचा. डावीकडून उजवीकडे, फोटोमागून फोटो — वाढत गेलेला.

नुसत्या शंकेवर बोलायची तिला सवय नव्हती.

* * *

पुढचे दिवस मजेत गेले. शाळा सुटली की ती हॉलमध्ये तिचं यंत्र मांडायची. डब्याएवढं कंपनमापक जमिनीवर, त्याची तार लॅपटॉपला, आणि पडद्यावर एक हिरवी रेघ. कुणी चाललं की रेघ थरथरायची. तो कधी फुटपट्टी विसरल्याच्या निमित्तानं यायचा, कधी पताकांचं माप चुकल्याच्या. एवढी मापं चुकणारा माणूस विज्ञान शिकवतो कसा, हा प्रश्न तिनं एकदा विचारलाही.

"शिकवताना नाही चुकत," तो म्हणाला. "इथेच चुकतात. जागेचा दोष असेल."

मुलांनी त्याचं नाव 'लंबक' ठेवलं होतं, हे तिला मुख्याध्यापिकाबाईंकडून कळलं. शिकवता शिकवता तो फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा, परत जायचा. मागच्या बाकावरचे तर त्याच्या फेऱ्यांवर तास संपायला किती वेळ उरला हे सांगायचे म्हणे.

"तुमची पावलं वेगळी आहेत," एकदा ती पडद्याकडे बघत म्हणाली. "शिपाईकाका आले की रेघ एकसारखी येते. बाई आल्या की ठाम येते. तुमची... बघा, दोन पावलं मोठी, मग एक लहान. मग थांबते. मग पुन्हा."

"ते दारात यायचं की नाही याचा विचार चालू असतो तेव्हाचं."

"आणि मग?"

"मग येतो."

त्याच्याकडे थर्मास होता आणि थर्मासला एकच झाकण. आधी ती चहा प्यायची, मग झाकण विसळून तो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून विसळायचं राहूनच गेलं आणि दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं.

तो शाळेविषयी बोलायला लागला की थांबायचा नाही. कुठल्या कोपऱ्यात प्रयोगशाळेतला बेडूक हरवला होता आणि तो शेवटी संगीताच्या पेटीत कसा सापडला. कुठल्या खांबामागे तो स्वतः मुलगा असताना रडला होता, कारण तोंडी परीक्षेत त्याला एक शब्द फुटला नव्हता, आणि तेव्हाच्या विज्ञानाच्या सरांनी काहीही न विचारता त्याला प्रयोगशाळेची किल्ली दिली होती. "म्हणाले, जा, काचेची भांडी पुसून ठेव. त्या दिवसापासून ठरलं. मी दुसरीकडे कुठे शिकवूच शकत नाही."

ती ऐकत राहायची. आणि एका दुपारी असं झालं की ती पडद्याकडे बघत बसली होती, दाराकडे पाठ होती, आणि रेघ हलली — दोन मोठी, एक लहान, थांबली... आणि ती वळून बघायच्या आधीच तिच्या चेहऱ्यावर हसू आलेलं होतं.

'अरेच्चा,' तिनं मनात म्हटलं. 'हे तर मोजण्यात नव्हतं.'

* * *

मग पावसाचा दिवस उजाडला. सकाळपासून झोडपत होता. सोहळ्याला आठवडा उरला होता. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतल्या छताचा भिंतीलगतचा चुना तिनं त्या दिवशी काढून घेतला होता. मधल्या भागात तुळया ठणठणीत होत्या. तिला बघायची होती त्यांची टोकं, भिंतीत घुसलेली.

शिडीवर चढून तिनं टॉर्च मारला. भिंतीवरून पाण्याची एक बारीक धार शांतपणे खाली येत होती. छपराची पन्हळ कुठेतरी फुटलेली होती, आणि किती वर्षं कोण जाणे, प्रत्येक पावसाचं पाणी भिंतीतून थेट तुळयांच्या टोकांशी मुरत होतं. बाहेरून रंग अगदी चकचकीत. तिनं स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडावर टेकवलं आणि हलकेच दाबलं.

ते आत गेलं. केकमध्ये सुरी जावी तसं.

तिनं दुसरी तुळई तपासली. तिसरी. मग ती शिडीवरच थोडा वेळ बसून राहिली. खाली मुख्याध्यापिकाबाई आपल्या नव्या छत्रीवरची किमतीची चिठ्ठी काढत होत्या. "माझी पहिलीच मोठी उडी हो," त्या कौतुकानं सांगत होत्या, "एवढे सगळे माजी विद्यार्थी एकदम! म्हटलं, छत्रीही चांगली हवी."

तो जिन्यात भेटला. ओल्या केसांनी, हातात पताका. तिनं तिथेच सांगितलं — हॉल बंद करावा लागेल. आजपासून. सोहळ्यातली उडी होणार नाही.

त्याचा चेहरा उतरला. "पण... लोक कुठून कुठून निघालेत. काही तर विमानात बसले असतील. पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा येणार आहेत, त्यांनी फोनवर मला विचारलं, गुडघा बदललाय, तरी उडी मारू ना? मी हो म्हटलंय."

"मला माहीत आहे."

"एवढी वर्षं कधी काही झालं नाही."

"तुम्ही विज्ञान शिकवता ना?" ती एवढंच म्हणाली.

त्यानं हातातल्या पताका कठड्यावर ठेवल्या. मग हळूच, तिच्याकडे न बघता म्हणाला, "अहवाल... जरा उशिरा नाही का देता येणार? सोहळा होऊन जाऊ दे. एकच उडी. मग तुम्ही म्हणाल ते. मी तुमच्याकडे — एवढंच मागतो."

बाहेर पाऊस कोसळत होता. तिला त्याच्या भुवईवरून ओघळणारा थेंब दिसत होता. तिला तो थेंब पुसावासा वाटला, आणि त्याच वेळी त्याला दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. हे दोन्ही एकदम वाटू शकतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "दुसरं काहीही मागा. हे नाही."

तो बाजूला झाला. ती खाली उतरली. मागून पावलांचा आवाज येईल म्हणून फाटकापर्यंत कान देऊन चालली, पण पावसात काही ऐकू आलं नाही. घरी आई म्हणाली, "डोळ्यात काय गेलं?" ती म्हणाली, "चुना."

* * *

सकाळी ती अहवालाचं शेवटचं पान लिहायला शाळेत आली तर तो खोलीबाहेर उभा होता. रात्री झोपला नसावा. शर्टाची बटणं एक घर चुकलेली.

"मला दाखवा," तो म्हणाला.

"काय?"

"जे तुम्ही पाहिलं ते. काल मी जे मागितलं ते लाजिरवाणं होतं. पण मला बघू दे. न बघता मी नुसता तुमच्यावर विश्वास ठेवला तर तुम्हालाच आवडणार नाही."

हे तिला इतकं पटलं की राग कुठे गेला तेच कळलं नाही. तिनं शिडी लावली. तो आधी चढला, ती मागून, एकच पायरी खाली. तिनं स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला, वर आपला हात ठेवला आणि टोक योग्य जागी नेलं. त्याचा हात गार होता.

"आता दाबा. अगदी हलकेच."

त्यानं दाबलं. लाकूड काहीही तक्रार न करता आत घेत गेलं, मुठीपर्यंत. त्यानं तो बाहेर काढला तेव्हा टोकावर ओला, तपकिरी भुगा होता.

त्यानं तो भुगा बोटावर घेऊन चोळून पाहिला. "या वर्षी... या वर्षी एक-दोन-तीन मी म्हटलं होतं. मीच. आणि मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांनी एकदम मारा, मागेपुढे नको. एकदम पडलेला भार किती पटीनं वाढतो हे त्याच पोरांना मी त्याच वर्षी शिकवलं होतं. वर्गात. खडूनं. आकृती काढून."

तिचा हात काढायचा राहिला होता. तो तिनं तिथेच राहू दिला.

"खाली बाई बसल्या होत्या," तो म्हणाला. "छत्री घेऊन. आणि आम्ही वर टाळ्या वाजवल्या."

"कुणालाच माहीत नव्हतं."

"छत माहिती देत होतं. दर वर्षी. आम्ही त्याचे फोटो काढून लावले."

खाली मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी दोघांना शिडीवर पाहिलं, मग वरचा भुगा पाहिला, मग हातातली नवी छत्री. त्यांनी ती न बोलता कपाटाच्या मागे ठेवली.

"इमारत पाडावी लागेल का ग?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई," ती घाईघाईनं म्हणाली. "मधलं लाकूड लोखंडासारखं आहे. कुजलेली टोकं कापायची, पोलादाचा आधार जोडायचा, पन्हळ बदलायची. वर्षभरात हॉल परत तुमचा. पण उडी... त्यानंतरही नको."

"तेवढं म्हातारीचं ऐकायला हवं," बाई म्हणाल्या. त्या इमारतीविषयी बोलत होत्या.

* * *

उडी रद्द झाली म्हणून बोलावलेली माजी विद्यार्थ्यांची सभा म्हणजे वादळ झालं. पहिल्याच रांगेत मामा. अहवालावर कुणाची सही आहे हे कळल्यावर तो उभाच राहिला.

"ही माझी भाची! माझ्या ताटात जेवते आणि माझीच उडी बंद करते! मी सांगतो, हा समोरच्या शाळेचा जुना राग आहे!"

सभा खो खो हसली. ती मान ताठ ठेवून बसली, पण कानशिलं तापली होती. खरंच, आपल्याच मामाचं एवढं एकच सुख आपण काढून घेतलं होतं.

मग तो उठला. लंबक सर एकाच जागी उभा राहून बोलला, हे पाहून मागच्या रांगेतले ताजे विद्यार्थी एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले.

"मामासाहेब, तुमच्या वेळी ढेपळा पडून छत्रीची काडी मोडली."

"मोडली म्हणजे! दोन तुकडे!"

"तो ढेपळा काडीवर न पडता बाजूला वीतभर पडला असता तर?"

मामाचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला.

"मी हात घालून बघितलंय," तो म्हणाला. "मीही तुमच्यासारखाच रागावलो होतो. मी तर यांना अहवाल दडपून ठेवायला सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं. या शाळेत मला एवढी वर्षं जे शिकवलं — डोळ्यांनी बघा, मग बोला — ते त्या दिवशी मी विसरलो आणि समोरच्या शाळेच्या मुलीला आठवत होतं. आता ठरवा, हायस्कूलचं कोण."

पंच्याऐंशी वर्षांचे ते आजोबा काठी टेकत उठले. "अरे, पण मी गुडघा बदलून आलोय त्याचं काय? कुठेतरी मारू द्या की उडी!"

"मैदानात," ती पटकन म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मैदानाची तपासणी मी केलेली नाही. पण खाली नुसती पृथ्वी आहे. ती धरेल."

हशा पिकला, आणि त्या हशात वादळ विरून गेलं. बाहेर पडताना मामानं तिच्या डोक्यावर टपली मारली. "सही मात्र झोकात करतेस हो, ठमे," तो म्हणाला, आणि नाक शिंकरायला बाजूला गेला.

* * *

सोहळ्याच्या संध्याकाळी मैदान भरून गेलं. पाऊस थांबला होता, माती मऊ होती. न्यायाधीश, सर्जन, दुकानदार, बसचालक, काल-परवा बाहेर पडलेली पोरं — सगळी दाटीवाटीनं उभी. ती कडेला कंपनमापक जमिनीत रोवून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. आजची मोजणी कुणी सांगितलेली नव्हती. तिला स्वतःलाच बघायचं होतं.

तो मधोमध उंच स्टुलावर चढला. "एक... दोन..." आणि मग थांबला. गर्दीवरून त्यानं कडेला पाहिलं. "अहो, हातोडीवाल्या! तुम्हीपण!"

"मी समोरची!" ती ओरडली.

"ये ग पोरी, आत ये!" आजोबांनी काठीनं जागा दाखवली. लॅपटॉप गवतावर ठेवून ती धावली, मामाच्या शेजारी घुसली, आणि...

"तीन!"

ती अर्धा क्षण मागे राहिली. सगळे खाली आले तेव्हा ती एकटी हवेत होती. धप्प असा जाड, मातीचा आवाज झाला. कुठलंही तावदान थरथरलं नाही, कुठून चुना पडला नाही. क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले... मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मैदानभर मिठ्या सुरू झाल्या.

गर्दी चहाकडे सरकली तेव्हा तो तिच्याजवळ येऊन गवतावर बसला. पडद्यावरची हिरवी रेघ एकाच जागी उंच उसळली होती, आणि तिच्यामागे एक छोटं, एकटं टेंगूळ होतं.

"हे कोण?"

"मी. उशिरा पडले ती."

तो हसला. मग बराच वेळ गवताची काडी बोटाला गुंडाळत बसला. "वरच्या हॉलचा आवाज नाही आला पण."

"नाही आला."

"लोकांना वाटलं असेल, जमीन काही हललीच नाही."

"हे काय, रेघ आहे की. मैदान थरथरलं. आणि..." ती थांबली. "खरं तर पृथ्वीही सरकली. आपण सगळे वर गेलो तेव्हा ती खाली गेली. अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी, कितीतरी कमी. माझ्या यंत्रात ते येणारच नाही. कुठल्याच येणार नाही."

"हे मी शिकवतो," तो हळूच म्हणाला. "मुलांना खरं वाटत नाही. आणि आपण खाली येतो तेव्हा ती परत वर येते."

"हो."

पलीकडे मामा कुणालातरी काडीची गोष्ट सांगत होता.

"ऐका ना," तो म्हणाला. काडी तुटली, त्यानं दुसरी उपटली. "मला तोंडी परीक्षा जमत नाही, ते तुम्हाला सांगितलंय. हॉल तर बंदच झाला. मापं घ्यायला यायचं निमित्त संपलं. तुमचं कामही संपलं. आणि मी... म्हणजे मला रोज... मी केव्हाचा तुमच्या दिशेनं — कसं सांगू — पडतोच आहे. तुम्ही तिथेच, स्थिर. मी एकटाच..."

"चूक," ती म्हणाली.

त्यानं दचकून वर पाहिलं.

"विज्ञानाचे सर ना तुम्ही? एकटं कुणी पडत नसतं." तिचा आवाज थोडा कापला, आणि तो कापतोय हे त्याला कळू दिलं तिनं. "ज्याच्याकडे पडतो, तेही येत असतं. दिसत नाही, एवढंच."

त्याच्या हातातली काडी गळून पडली. तो काहीतरी बोलणार होता, पण त्याला शब्द फुटेना. तो नुसता बघत राहिला — एवढं हसू चेहऱ्यावर घेऊन, की तिला त्याच्याकडे सरळ बघवेना.

"उत्तर तोंडीच हवं असं नाही," ती म्हणाली.

आणि तिनं गवतावरचा त्याचा हात हातात घेतला. या वेळी तो ऊबदार होता.